रोख्यामागील माणूस : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

आमच्या कॅसलरॉकच्या घाटमाथ्यावर जूनमध्ये पाऊस सुरू झाला म्हणजे चार महिने उसंत मिळत नाही. दूधसागराकडे उतरणाऱ्या बोगद्यांतून पाणी झिरपत असते आणि घरातील कपडे वाळता वाळत नाहीत. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला दुष्काळ हा शब्द उधळ्या पुत्राच्या दाखल्यातच काय तो भेटतो. तरीही ज्या लोहमार्गाने हे गाव वसविले, त्या लोहमार्गाच्या मुळाशी दुष्काळच आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात व दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. नंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला, आणि कोरड्या मुलुखात धान्य वेळेवर पोहोचावे म्हणून नवे लोहमार्ग बांधावेत अशी शिफारस केली. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली ती याच धोरणातून. तिचा हुबळी-लोंढ्याकडून आलेला मार्ग व मार्मागोव्याहून चढून आलेला पोर्तुगीज हद्दीतील मार्ग यांची गाठ आमच्या या गावी पडली.

लोहमार्ग डोळ्यांना दिसतो. परंतु त्याच संकटातून सरकारने दुसरेही एक काम हाती घेतले, ते डोळ्यांना दिसणारे नव्हते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला वर काढण्याचे ते काम होते, आणि ते ज्यांनी गावोगाव फिरून पार पाडले त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे प्रमुख होते. समाजसुधारक म्हणून, प्रार्थना समाजाचे पुढारी म्हणून, इतिहासकार म्हणून रानड्यांचे नाव आपल्या परिचयाचे आहे. पण सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुणब्याचा न्यायाधीश ही त्यांची ओळख मागे पडली आहे. आम्हांला वाटते की, ख्रिस्ती मंडळीने तीच ओळख आज नीट करून घ्यावी.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले, म्हणून महादेवाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुलगा अबोल होता. बोलायला लागला तेही उशिरा, असे घरचे लोक सांगत. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेल्यावर त्याची बुद्धी सर्वांच्या नजरेत भरली. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एल्‌एल. बी. अशी पदव्यांची रांग लागली. वाचनाच्या अतिरेकाने डोळे अधू झाले ते कायमचेच. काही वर्षे अध्यापन व संस्थानांतील नोकरी केल्यावर १८७१ साली ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले.

ते आले तेव्हा दख्खनचा शेतकरी मोठ्या मंदीच्या तडाख्यात सापडला होता. ही मंदी कशी आली हे समजून घेतले पाहिजे, कारण तिचा उगम हजारो कोस दूर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा जुगार माजला. खेड्यापाड्यांत सावकार शेतकऱ्याला हवे तेवढे कर्ज देऊ लागला, कारण पीक हमखास विकले जात होते. त्यातच लोहमार्गांच्या कामावर मजुरीही चांगली मिळे. १८६५ साली युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बुडाल्या आणि लोहमार्गांची कामेही ओसरली. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, तसे झाले. सावकाराने हात आखडता घेतला व जुनी बाकी मागू लागला. नेमक्या त्याच सुमारास, भरभराटीचे दिवस पाहून सरकारने इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतसारा वाढविला होता. भाव उतरले, पण सारा उतरला नाही.

कूळ लिहिणारे-वाचणारे नव्हते. सावकार कागदावर काय लिहितो हे न समजता ते अंगठा उठवी. शंभराचे दोनशे, दोनशांचे पाचशे होत. मग सावकार कोर्टात जाई. कोर्टापुढे रोखा असे व रोख्यावर अंगठा असे. कूळ बहुधा हजरच होत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई, आणि बैल, भांडी, जमीन यांवर जप्ती येई. कायद्याने सर्व बरोबर होते. न्यायाधीशाला रोख्याच्या पलीकडे पाहण्याचा अधिकारच नव्हता.

१२ मे १८७५ रोजी या साऱ्याचा स्फोट झाला. आमच्या जोयडा तालुक्यालाही पूर्वी सुपा म्हणत, आणि ते जुने सुपा गाव आता काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. पण येथे सांगावयाचे सुपे ते नव्हे, ते पुणे जिल्ह्यातील. त्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. पाहता पाहता पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, जमावाला रक्त नको होते, कागद हवे होते. कर्जरोखे व वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली जाई. जो सावकार कागद मुकाट्याने देई त्याला बहुधा कोणी हात लावीत नसे. शेकडो लोक पकडले गेले. आमच्या कित्येक मराठी मंडळ्यांचे पूर्वज याच नगर जिल्ह्याच्या खेड्यांतले आहेत. ही गोष्ट परक्यांची नव्हे.

रानड्यांनी दंग्याचे समर्थन केले नाही. पण त्याच्या कारणांचा शोध त्यांच्या वर्तुळात आधीपासूनच सुरू होता. १८७० साली गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. १८७३ साली सभेने शेतसाऱ्याच्या वाढीविषयी चौकशी करून अहवाल छापला. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे पुढे दिसत नसत. परंतु सभेच्या अर्जांमागे व अहवालांमागे बहुधा त्यांचीच बुद्धी व लेखणी असे. त्यांचे म्हणणे असे की, केवळ सावकाराला दोष देऊन भागणार नाही. साऱ्याचा हप्ता ठरल्या दिवशी भरावाच लागतो, आणि तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जातो. सावकारी ही खोड आहे, पण तिला पाणी घालणारेही कोणी आहेत. सरकारचाच पगार घेणाऱ्या माणसाने हे सांगणे सोपे नव्हते.

दंग्यांच्या दुसऱ्याच वर्षी पाऊस गेला व दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, तलाव अशा कामांवर लाखो माणसे लोटली. मात्र खर्च कमी करण्याच्या हेतूने सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे मान खाली आणले. दिवसभर खपणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर थोडी नाणी, एवढ्यात त्याने जगावे अशी अपेक्षा होती. शिवाय घराजवळची लहान कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर हलविण्यात येऊ लागले. १८७७ सालच्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही कामे सोडली. उपाशी माणसाने भाकरी नाकारावी, ही गोष्ट इतिहासात क्वचित घडते. सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे ठेवून खरी माहिती गोळा केली व सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. किती धान्य मिळते, किती लोक कामावरून परतले, गुरे किती मेली, हे सारे त्यांत मांडले होते. मदतीमागे कोरडा हिशेब असला की ती मदत घेणाऱ्याला लाजविते, हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

मग १८७९ साल उजाडले. वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळाने होरपळलेल्या मुलुखात बंड उभारले. मे महिन्यात पुण्याच्या बुधवार वाड्याला व विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. सरकारला पुण्याच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाचा संशय येऊ लागला, आणि रानड्यांचाही आला. आधी नाशिकला बदली झालेल्या रानड्यांना आता धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात, इतकेच नव्हे तर त्यांना अडकविण्यासाठी खोटी बंडखोर पत्रेही येत. रानडे ती पत्रे शांतपणे पोलिसांच्या स्वाधीन करीत. कडवटपणाने त्यांनी नोकरी सोडली नाही, की भयाने लेखणी खाली ठेवली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दुःखनिवारणाचा कायदा केला. इंग्रजीत त्याला डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट म्हणत. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जाबद्दल शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. जमीन मुद्दाम गहाण लिहून दिलेली नसेल, तर कर्जासाठी तिचा लिलाव होऊ नये असे ठरविले. कर्जाचे कागद गावपातळीवरील नोंदणी अधिकाऱ्यासमोर वाचून, समजावून मगच लिहिले जावेत अशी व्यवस्था झाली. कोर्टात जाण्यापूर्वी दोन्ही पक्षांत सलोखा घडवून आणण्यासाठी प्रतिष्ठित गृहस्थ नेमले गेले. कर्ज हप्त्यांनी फेडण्याची सवलत मिळाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोख्यावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ रक्कम किती, व्याज कसे चढले, फेड किती झाली, हे आरंभापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच झाले.

१८८१ साली पुणे व सातारा जिल्ह्यांत या कायद्याखालील कामावर रानड्यांची नेमणूक झाली आणि १८८७ साली ते या कायद्याचे विशेष न्यायाधीश झाले. १८९३ पर्यंत त्यांनी हे काम केले. काम बैठे नव्हते. तालुक्यातालुक्याला जायचे, खालच्या कोर्टांचे निकाल काढून तपासायचे, सलोखा करणाऱ्यांचे काम पाहायचे, गावच्या नोंदी उलगडायच्या. तंबू, बैलगाड्या व कागदांचे गठ्ठे यांतच वर्षाचे कित्येक महिने जात. त्यांच्या पत्नी रमाबाई पुष्कळदा फिरतीवर बरोबर असत, आणि मुक्कामाच्या गावी बायकांशी बोलत, मुलींच्या शाळा पाहत. पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहाखातर रानड्यांनी अकरा वर्षांच्या या मुलीशी लग्न केले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने असे करावे याबद्दल त्यांना फार टीका सोसावी लागली, आणि ती गैरवाजवी नव्हती. पण त्याच मुलीला त्यांनी स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविले आणि पुढे तिनेच पुण्याचे सेवासदन नावारूपास आणले.

हा कायदा म्हणजे रामबाण उपाय होता काय? तसे म्हणता येणार नाही. सावकारांनी पळवाटा शोधल्या. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले. काहींनी कर्ज देणेच आवरते घेतले, तेव्हा बी-बियाण्याला पैसा कोठून आणावा हा प्रश्न पडला. रानड्यांनी हे दोष ओळखले होते. ते सांगत की, वाईट कर्जापासून शेतकऱ्याला सोडविले तरी चांगले कर्ज त्याला मिळेल अशी सोय झाली नाही, तर सुटका अर्धीच राहील. म्हणून त्यांनी व त्यांचे स्नेही सर विल्यम वेडरबर्न यांनी शेतकऱ्यांच्या पेढीची योजना पुढे मांडली. पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग करावा असे ठरले. हिंदुस्थान सरकारने मान्यता दिली, पण विलायतेच्या सरकारने ती फेटाळली. यासाठी रानड्यांनी प्रशियातील जमीन-कायद्यांचा व रशियातील भूदासांच्या मुक्तीचा अभ्यास करून निबंध लिहिले होते. ती पेढी त्यांच्या हयातीत निघाली नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा रानड्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

रानड्यांचा व ख्रिस्ती लोकांचा संबंध निकटचा होता, तसा अवघडही. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्यांना आधार देणाऱ्यांत रानडे होते. पुढे शारदासदनाच्या सल्लागार मंडळावरही ते होते. पण मुलींच्या ख्रिस्ती होण्यावरून वाद उठला, तेव्हा १८९३ साली ते त्यातून बाहेर पडले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ज्यांना चहा देण्यात आला त्या मंडळींत ते होते, आणि त्यावरून गावात गदारोळ झाल्यावर अखेर त्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती. इतर स्नेह्यांची कोंडी सुटावी म्हणून त्यांनी ते केले. आम्हांला त्यांचा हा निर्णय पटत नाही. परंतु हेही सांगितले पाहिजे की, जे सरकारी संशयापुढे डगमगले नाहीत ते आपल्या माणसांच्या दुःखापुढे वाकले. मनुष्याच्या दुबळेपणाचे व प्रेमाचे मूळ कधी कधी एकच असते.

त्यांनी प्रभू येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारले नाही. ते एकेश्वरी उपासक होते. प्रार्थना समाजात ते उपासना चालवीत व तुकोबांच्या अभंगांत रमत. तरी देवाने कोरेश राजाला, तो त्याला ओळखत नसतानाही, आपल्या कार्यासाठी हाताशी धरले असे यशया संदेष्टा सांगतो. हे स्मरून आपण रानड्यांच्या कामाकडे पाहावे.

आणि ते पाहताना नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडावा. दुष्काळात लोकांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले, आपली मुलेबाळे दास्यात दिली. दख्खनचे आणि यहूदाचे दुःख किती सारखे आहे! नहेम्या हा प्रांताधिपती होता. त्याने दानधर्माची झोळी फिरविली नाही; सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेत उभे केले, व्याज सोडावयास लावले व शेते परत करविली. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्षाचा नियमही हेच सांगतो. दयेला कायद्याचे हाडमास मिळाले पाहिजे, नाहीतर ती देणाऱ्याच्या लहरीवर राहते.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले. जुन्या कोर्टांनी रोखे जसेच्या तसे वसूल केले. रानड्यांनी तिसरा मार्ग धरला. रोखा हातात घेतला, त्याच्या मागे उभा असलेला माणूस पाहिला, आणि खरे देणे किती ते शोधले. त्यांनी सावकारालाही लुबाडले नाही. त्याचे खरे येणे त्याला हप्त्यांनी मिळवून दिले. आपल्या विश्वासाचा गाभा याहून पुष्कळ खोल आहे, कारण पौल कलस्सैकरांस लिहितो की, आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेख ख्रिस्ताने वधस्तंभाला खिळून रद्द केला. आपला रोखा जाळला गेला नाही, तो फेडला गेला. ज्याचे एवढे देणे फिटले त्याने शंभर नाण्यांसाठी सोबत्याचा गळा धरावा, हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखला आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही?

तरीही आपल्या मंडळ्यांत काय चालते? लग्नासाठी, औषधासाठी, मुलाच्या फीसाठी लोक कर्ज काढतात. पूर्वी अंगठा लागे, आता मोबाईलवर बोट लागते. अटी न वाचण्याची रीत तीच. आठवड्याच्या हप्त्याला बाई दुसरीकडून उसने आणते. आणि दुःखाची गोष्ट अशी की, रविवारी ज्यांच्या शेजारी बसून आपण प्रभुभोजन घेतो, त्यांपैकीच कोणी सोमवारी शेकडा पाचाने पैसे लावलेले असतात. पंचमंडळाला हे ठाऊक असते. नाताळात त्याच कुटुंबाला आपण एक साडी व पाच किलो तांदूळ देतो, त्याचा फोटो काढतो, आणि साहाय्य झाले असे समजतो. टेंपल साहेबांच्या एक पौंड धान्यात व आपल्या या पाच किलोत फरक किती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आम्ही सुचवितो ते फार मोठे नाही. प्रत्येक मंडळीने हिशेब जाणणाऱ्या दोन-तीन विश्वासू भावा-बहिणींना नेमावे. जे कर्जात आहेत त्यांच्या घरी जाऊन त्यांनी बसावे, कागद मागावा, मूळ किती व व्याज किती ते मांडावे, आणि सावकार मंडळीतलाच असेल तर दोघांना समोरासमोर बसवून सलोखा करावा. जेथे शक्य आहे तेथे एखादी पतसंस्था किंवा बचतगट उभा करावा, म्हणजे रानड्यांची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी होईल. या कामात टाळ्या मिळत नाहीत. रानड्यांनाही त्यासाठी मिळाल्या नाहीत. त्यांची आठवण लोक परिषदांतील भाषणांसाठी काढतात.

१८९३ च्या अखेरीस ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्याकडून आकडे, अर्ज व चिकाटी यांचा वारसा घेतला आणि १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. पण ज्या कुणब्यांचे रोखे रानड्यांनी तंबूतल्या दिव्याच्या उजेडात, अधू डोळ्यांनी, ओळ न ओळ तपासून घेतले, त्यांची नावे कोणत्याही चरित्रात नाहीत. ती देवाला ठाऊक आहेत.

प्रभू आपल्यालाही असे डोळे देवो, की कागदावरील आकडा वाचताना त्यामागील माणूस आपल्या नजरेआड होऊ नये. आमेन.